हात वेगळा, शिरस्ता एक : स्क्रोल, पाठभेद आणि ब्राउझर

१/
आजच्या धाग्याचा विषय प्रथमदर्शनी आपल्या वाटेवरचा वाटणार नाही. गडकोट नाहीत, लढाया नाहीत, वंशावळी नाहीत. विषय आहे स्क्रोल. बोटाने किंवा चाकाने मजकूर वर सरकवण्याची जी कृती आपण आत्ता करत आहात, ती निरनिराळ्या ब्राउझरांत निरनिराळी का घडते, आणि ती सर्वत्र सारखी घडावी हा आग्रह कोठवर धरावा, हा प्रश्न आहे. प्रश्न तंत्रज्ञांचा आहे हे खरे. परंतु त्याचा निवाडा कसा करावा याची रीत पाठचिकित्सेने, म्हणजे आपल्याच शास्त्राने, केव्हाच घालून दिली आहे. त्या रीतीचे एक मोठे उदाहरण नगर जिल्ह्यातल्या एका ग्रंथाचे आहे.

२/
आधी शब्दाकडे पाहू. स्क्रोल म्हणजे मुळात गुंडाळी. मराठेशाहीतील लांब पत्रे कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर लिहीत. एका पट्टीला 'बंद' म्हणत. मजकूर वाढला की एका बंदाला दुसरा चिकटवीत आणि सगळ्याची गुंडाळी करीत. वाचणारा एका हाताने उलगडत जाई आणि दुसऱ्या हाताने गुंडाळत जाई. पोथीची रीत याहून निराळी : सुटी पाने, एकावर एक, एक वाचून झाले की उलटून ठेवायचे. सरकत वाचणे आणि पानापानाने वाचणे या दोन्ही सवयी आपल्याकडे शेजारी शेजारी नांदल्या. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. तो पाहताना या दोन्ही रीतींचा प्रत्यक्ष परिचय होतो.

३/
आता त्या गुंडाळीचे नियम पाहा. आरंभी 'श्री'. मोडीत आधी कागदाच्या रुंदीभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगायची. डाव्या बाजूस समास सोडायचा. सरकारी पत्रांत जेथे दोन बंद जोडले जात, तेथे पाठीमागे जोडावर शिक्का उमटवीत. मधला बंद कोणी बदलला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळेनात. मजकूर संपला की 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सुद' आणि मर्यादेची मुद्रा. या मुद्रेखाली जे काही असेल ते पत्राचा भाग नव्हे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असे. निजामशाहीतील कित्येक कागदांत वर फारसी आणि खाली मोडी मराठी असा दुहेरी मजकूर येतो, पण तेथेही कोणती गोष्ट कोठे यायची हे ठरलेले असे.

४/
हे नियम सर्वांना सारखे होते. लेखणी मात्र ज्याची त्याची. एका कारकुनाचे अक्षर ठसठशीत, दुसऱ्याचे घाईचे, तिसऱ्याचे असे की आजचा विद्यार्थी एका ओळीपाशी दोन दिवस अडतो. १७९५ च्या मार्चमध्ये जामखेडजवळ खर्ड्याची लढाई झाली. अशा मोहिमेच्या धामधुमीत छावणीत लिहिलेल्या पत्राचा हात आणि पुण्याच्या दफ्तरात सावकाश लिहिलेल्या पत्राचा हात सारखा असण्याचे कारण नव्हते. तरीही दोन्ही पत्रे कोठेही वाचता येत. कारण हात वेगळा असला तरी शिरस्ता एक होता. ही दोन पदे लक्षात ठेवा : हात आणि शिरस्ता. पुढचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे.

५/
आता पडद्याकडे येऊ. संकेतस्थळाचा मजकूर कसा दिसावा हे सांगणाऱ्या भाषेला सीएसएस म्हणतात. होकोन वियुम ली यांनी तिची कल्पना ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली. पहिली प्रमाण आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली आणि दुसरी मे १९९८ मध्ये. चौकटीत न मावणाऱ्या मजकुराचे काय करायचे, तो छाटायचा, बाहेर सांडू द्यायचा की सरकता ठेवायचा, हे सांगणारा 'ओव्हरफ्लो' हा नियम या दुसऱ्या आवृत्तीतला. मजकूर सरकेल, एवढे त्या नियमाने सांगितले. तो कसा सरकेल, टोकाला पोहोचल्यावर काय होईल, पट्टी किती जागा घेईल, याविषयी तो जवळजवळ मौनच पाळतो. आजचे बहुतेक मतभेद त्या मौनातून जन्मले आहेत.

६/
मौन असण्याचे कारण सरळ आहे. त्या काळी स्क्रोल करणे म्हणजे खिडकीच्या कडेची पट्टी माऊसने ओढणे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा चाक असलेला इंटेलिमाऊस आला आणि मजकूर टप्प्याटप्प्याने उड्या घेत सरकू लागला. २००७ मध्ये आयफोन आला. बोटाच्या झटक्यासरशी मजकूर धावू लागला आणि हळूहळू मंदावत थांबू लागला. २०११ मध्ये मॅकच्या 'लायन' आवृत्तीने सरकण्याची दिशाच उलटी केली आणि कडेची पट्टी एरवी अदृश्य ठेवली. साधने बदलत गेली, नियम मागे राहिले आणि मधली पोकळी प्रत्येक ब्राउझरने आपापल्या समजुतीने भरून काढली.

७/
या पोकळीला कायद्याचाही हात लागला. आयफोनवर मजकुराच्या टोकाशी गेल्यावर तो किंचित ताणला जाऊन परत येतो. या 'रबर-बँड' परिणामाचे पेटंट ॲपलकडे होते आणि २०१२ च्या ॲपल विरुद्ध सॅमसंग खटल्यात वादाच्या पेटंटांमध्ये तेही होते. अँड्रॉइडवर त्या काळात टोकाशी मजकूर ताणला न जाता कडेला एक फिकट झळाळी दिसे. ताणल्या जाणाऱ्या टोकाचा परिणाम अँड्रॉइडमध्ये २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत आला. म्हणजे दोन फोनांवर एकच पान निराळे वाटते, यामागे दर वेळी कोणाचा निष्काळजीपणा असतोच असे नाही. कधी हक्काचा वाद असतो, कधी प्रत्येक घराण्याची आपली वळणे असतात.

८/
आता भेदांची यादी करू, जशी आपण पोथ्यांची करतो. पहिला भेद मोजणीचा. पान किती सरकले आहे हे पानातील कोणत्या घटकाला विचारायचे? प्रमाणानुसार उत्तर मूळ घटकाकडे असते. वेबकिटच्या वंशातील ब्राउझर मात्र वर्षानुवर्षे ते 'बॉडी'कडून देत राहिले. क्रोमने ही रीत सप्टेंबर २०१७ मधील ६१ व्या आवृत्तीत सोडली. तोपर्यंत संकेतस्थळे लिहिणारे दोन्ही ठिकाणी विचारत आणि जे उत्तर शून्य नसेल ते खरे मानत. दोन पंचांगांतून सोयीची तिथी काढण्यासारखा हा प्रकार होता.

९/
दुसरा भेद सावकाश सरकण्याचा. दुव्यावर टिचकी मारल्यावर पान उडी न घेता सरकत त्या जागी जावे, असे सांगणारा 'स्क्रोल-बिहेविअर' हा नियम फायरफॉक्सने २०१५ मध्ये, क्रोमने २०१७ मध्ये आणि सफारीने मार्च २०२२ मध्ये स्वीकारला. सात वर्षांचे अंतर. तिसरा भेद पानापानाने थांबण्याचा. सरकता मजकूर ठरावीक जागी येऊन अडावा यासाठी 'स्क्रोल-स्नॅप' आहे. पोथीची रीत गुंडाळीत आणण्याचाच हा प्रयत्न म्हणा ना. फायरफॉक्सने आणि सफारीने २०१५ मध्ये त्याचा जुना मसुदा उचलला, पुढे मसुदाच बदलला. क्रोमने २०१८ मध्ये नवा पाठ घेतला, फायरफॉक्सने २०१९ मध्ये जुना सोडून तोच धरला. मधल्या काळात एकाच नियमाचे दोन पाठ प्रचारात होते.

१०/
चौथा भेद मर्यादेचा. आतली चौकट टोकाला पोहोचली की बाहेरचे पान सरकू लागते. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये तर पान वरच्या टोकाशी असताना आणखी खाली ओढले की ते नव्याने उघडते आणि अर्धवट भरलेला मजकूर जाण्याचा धोका निर्माण होतो. येथे थांब असे सांगणारा 'ओव्हरस्क्रोल-बिहेविअर' हा नियम क्रोमने डिसेंबर २०१७ मध्ये, फायरफॉक्सने मार्च २०१८ मध्ये आणि सफारीने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. मर्यादेच्या मुद्रेची आठवण आपल्याला येथे व्हावी. मजकूर कोठे संपतो हे निःसंदिग्ध नसेल तर वाचणारा भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो.

११/
पाचवा भेद जागेचा. विंडोजवर कडेची पट्टी नेहमीच्या स्वरूपात असली तर सुमारे १५ ते १७ पिक्सेल जागा घेते. मॅकवर आणि फोनवर ती मजकुरावर तरंगते, जागा घेत नाही. त्यामुळे पडद्याच्या पूर्ण रुंदीचा म्हणून आखलेला तक्ता एका यंत्रावर नेटका बसतो आणि दुसऱ्यावर आडवा सांडतो. उंचीचेही तसेच. फोनवर पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी लपते. मग पडद्याची पूर्ण उंची कोणती मानायची? आयफोनच्या सफारीने पट्टी लपलेली असतानाची मोठी उंची धरली, म्हणून पानाच्या तळाची बटणे पट्टीखाली झाकली जाऊ लागली. लहान, मोठी आणि बदलती अशी तीन स्वतंत्र मापे पुढे ठरली आणि २०२२ अखेर तिन्ही मोठ्या इंजिनांत पोहोचली.

१२/
सहावा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : जागा न सुटण्याचा. आपण मजकूर वाचत असताना वरचे एखादे चित्र उशिरा उघडले की खालचे सगळे ढकलले जाते आणि वाचत असलेली ओळ नजरेआड होते. ती ओळ धरून ठेवण्याची सोय क्रोमने २०१७ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये दिली. सफारीने ती पुढे कित्येक वर्षे दिली नाही. वेगवान जोडणीवर हा दोष जाणवतही नाही. अकोले किंवा पाथर्डी तालुक्यातील एखाद्या गावात, जेथे चित्र उघडायला वेळ लागतो, तेथे तो प्रत्येक परिच्छेदाला जाणवतो.

१३/
येथे कोणी विचारील, इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे काय? उत्तर असे की आपली साधने आता पडद्यावर आली आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अहमदनगरविषयक सतरावा खंड १८८४ चा. तो पाहायला पूर्वी ग्रंथालय गाठावे लागे, आज तो फोनवर वाचता येतो. मोडी शिकणारे एका चौकटीत मूळ कागदाची प्रतिमा आणि शेजारच्या चौकटीत देवनागरी लिप्यंतर ठेवून ओळीला ओळ ताडून पाहतात. अशा पानावर एक चौकट सरकवताना दुसरीही सरकली, किंवा टोकाशी जाऊन सगळे पान नव्याने उघडले, तर ताडून पाहण्याचे कामच मोडते. साधन हाती असूनही वाचता न येणे हे साधन नसण्याच्या फार जवळचे आहे.

१४/
आता आपल्या शास्त्राकडे वळू आणि नेवाशाला जाऊ. प्रवरेकाठी, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी येथे सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली अशी श्रद्धा आहे, तो पैस खांब आजही तेथे आहे. लेखक होते सच्चिदानंदबाबा. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे ग्रंथ नकलांतून पसरला. प्रत्येक नकलेत काही अक्षरे बदलली, काही शब्द बदलले, काही ओव्या वाढल्या. गोदावरीपलीकडच्या पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घुसडू नये असे बजावले. मराठीत पाठ एकसारखा करण्याचा एवढा जुना आणि एवढा परिणामकारक प्रयत्न दुसरा दाखवणे अवघड आहे.

१५/
पण त्या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नाथांचा पाठ सर्वमान्य झाला आणि त्याआधीच्या वाचनांचा माग क्षीण झाला. पुढे राजवाड्यांनी एका जुन्या पोथीच्या आधारे, ती एकनाथपूर्व आहे या दाव्याने, १९०९ मध्ये निराळी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. त्या पोथीविषयी विद्वानांत वाद झाले. वादाचा निकाल काहीही असो, प्रश्न योग्य होता : एकवाक्यता साधताना काय गमावले? विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून हाती घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण केली. तिने या प्रश्नाला उत्तर दिले. मान्य पाठ वर छापला आणि नाकारलेले पाठ तळटीपांत जपले.

१६/
पाठचिकित्सेचा पहिला धडा विद्यार्थ्याला असा मिळतो की सगळे भेद सारखे नसतात. एका पोथीत ऱ्हस्व, दुसरीत दीर्घ. एकीत अनुस्वार, दुसरीत परसवर्ण. हा लेखनाचा भेद, हाताचा भेद. त्याने अर्थ ढळत नाही. दुसरीकडे एका प्रतीत 'न' आहे आणि दुसरीत नाही. येथे वाक्य उलटे होते. संपादक पहिल्या प्रकारावर रात्री जागवत नाही. दुसऱ्या प्रकाराचा निवाडा केल्यावाचून पुढे जात नाही. ज्याला हा विवेक नाही तो एक तर सर्व भेद पुसायला निघतो, किंवा सर्व भेद 'परंपरा' म्हणून सोडून देतो. दोन्ही चुका सारख्याच मोठ्या.

१७/
हाच विवेक स्क्रोलला लावा. मजकूर किती वेगाने धावतो, कसा मंदावतो, टोकाला ताणला जातो की झळाळतो, हा हाताचा भेद आहे. प्रमाण लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. सावकाश सरकण्याचा नियम लिहिताना किती वेळात आणि कोणत्या गतीने सरकावे हे त्यांनी जाणूनबुजून ब्राउझरवर सोपवले. पण दुव्यावर टिचकी मारल्यावर वाचणारा योग्य ओळीवर पोहोचतो का, आतली चौकट सरकवताना बाहेरचे पान स्थिर राहते का, वाचत असलेली ओळ जागेवर राहते का, तळाचे बटण दिसते का, हे शिरस्त्याचे प्रश्न आहेत. येथे भेद म्हणजे अर्थाचा भेद. तो सहन करण्याचे कारण नाही.

१८/
म्हणून माझा पहिला आक्षेप एका लोकप्रिय उपायावर आहे. 'सर्वत्र सारखा अनुभव' देण्याच्या नावाखाली अनेक संकेतस्थळे ब्राउझरचे सरकणे बंद करतात आणि आपल्या प्रोग्रामने ते नव्याने घडवतात. झटका दिला की पान एका गतीने, त्यांच्याच तालात पुढे जाते. हे नकलनवीसाने सगळ्यांची अक्षरे पुसून आपल्याच वळणात पुन्हा लिहिण्यासारखे आहे. ज्याच्या हाताला आपल्या फोनच्या चालीची सवय आहे, जो कळफलकाने वाचतो, जो पडदावाचकाने ऐकतो, त्या सर्वांची रीत मोडते. हात एक करण्याच्या हट्टापायी शिरस्ताच बिघडतो.

१९/
यावर आखणी करणाऱ्यांचे उत्तर असे असते की पान ही त्यांची निर्मिती आहे, तिची चालही त्यांनीच ठरवावी. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. चित्रकथा किंवा संग्रहालयाचे एखादे दृश्यदालन यांत गती हाही आशयाचा भाग असतो. परंतु हलत्या पडद्याने ज्यांना भोवळ आणि मळमळ होते असे वाचक असतात. त्यांनी यंत्रावर 'हालचाल कमी करा' असे सांगितले असल्यास ते पानाला कळावे, अशी सोय सफारीने २०१७ मध्ये, फायरफॉक्सने २०१८ मध्ये आणि क्रोमने २०१९ मध्ये दिली. निर्मात्याचा हक्क मान्य केला तरी वाचणाऱ्याच्या शरीराचा हक्क त्याच्या आधी येतो.

२०/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर. 'एकच ब्राउझर ठेवा, म्हणजे भेदच उरणार नाहीत' असे सुचवणारे पुष्कळ आहेत. हा प्रयोग होऊन गेला आहे. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली. पुढच्या काही वर्षांत दहांपैकी नऊंहून अधिक वाचक त्याच ब्राउझरच्या छत्राखाली होते. एकवाक्यता पूर्ण झाली आणि काम थांबले. सातवी आवृत्ती यायला २००६ चा ऑक्टोबर उजाडला. 'इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे' अशा सूचना आपल्याकडील सरकारी संकेतस्थळांवर त्यानंतरही कित्येक वर्षे राहिल्या. दोषांचाच शिरस्ता झाला. २०२० च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टचा एजही क्रोमच्याच इंजिनावर आला, हे ध्यानात घेतले म्हणजे हा धोका केवळ इतिहासजमा नाही हे कळेल.

२१/
दफ्तरातील शिरस्त्यामागे हुकूम होता. वेबवर हुकूम देणारा कोणी नाही, आणि नसावा. मग एकमत कसे व्हायचे? मार्च २०२२ मध्ये याचे एक चांगले उत्तर मिळाले. ॲपल, बोकूप, गूगल, इगालिया, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी 'इंटरॉप २०२२' हा संयुक्त उपक्रम जाहीर केला. पंधरा विषय निवडले, त्यांत स्क्रोल हा एक होता. प्रत्येक विषयासाठी सामाईक चाचण्या ठरल्या आणि कोणते इंजिन किती चाचण्या उतरते हे सर्वांसमोर मांडले गेले. सफारीने वर सांगितलेले दोन नियम त्याच वर्षी घेतले. येथे कोणाचे इंजिन बंद पडले नाही. प्रती निरनिराळ्या राहिल्या, अर्थ बदलणारे पाठभेद तेवढे मिटवले गेले. भांडारकरी रीत याहून फार निराळी नाही.

२२/
आपल्या जिल्ह्यात आणि राज्यात जी मंडळी ग्रंथालये, संग्रहालये, दफ्तरखाने पडद्यावर आणत आहेत, त्यांच्यासाठी या विचारातून काही साध्या गोष्टी निघतात. सरकण्याची गती हातात घेऊ नका. प्रत्येक प्रतिमेची लांबी-रुंदी आधीच नोंदवा, म्हणजे ती उशिरा उघडली तरी ओळ हलणार नाही. ही सोय कोणत्याही ब्राउझरच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. आतल्या चौकटींना मर्यादा घाला. सावकाश सरकणे हालचाल सोसणाऱ्यांसाठीच ठेवा. पान तीन इंजिनांत उघडून पाहा : ब्लिंक, गेको आणि वेबकिट. आयफोनवर नाव क्रोमचे असले तरी आपल्याकडे आत इंजिन वेबकिटचेच चालते, तेव्हा केवळ नावावर जाऊ नका.

२३/
आणि आपण विद्यार्थ्यांनी? आपल्याला एक विद्या येते जी येथे उपयोगी आहे. दोन प्रतींत भेद सापडला की आपण 'ही पोथी खराब आहे' असे म्हणून थांबत नाही. कोणत्या प्रतीत, कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, काय आहे आणि काय असायला हवे, हे नोंदवतो. ब्राउझरमधील दोष कळवण्याची रीत अक्षरशः हीच आहे : कोणता ब्राउझर, कोणती आवृत्ती, कोणते पान, काय घडले, काय घडायला हवे होते. तिन्ही इंजिनांच्या दोषनोंदी सार्वजनिक आहेत, कोणीही त्यांत भर घालू शकतो. मराठी वाचणाऱ्यांना येणाऱ्या अडचणी आपण नोंदवल्या नाहीत तर त्या दुसरे कोण नोंदवणार?

२४/
सारांश एवढाच. सर्व ब्राउझरांची चाल एक करण्याचा हट्ट निष्फळ आणि अनिष्ट आहे. वाचणारा जेथे जायचा तेथे पोहोचला पाहिजे आणि जेथे थांबायचे तेथे थांबता आला पाहिजे, एवढ्यापुरते मात्र एकमत झालेच पाहिजे, आणि ते एका कंपनीच्या वर्चस्वाने नव्हे तर उघड चाचणीने झाले पाहिजे. मोडी गुंडाळीचा हा शिरस्ता पडद्यालाही लागू पडतो. पुढच्या धाग्यात एकनाथपूर्व ज्ञानेश्वरीच्या वादाकडे स्वतंत्रपणे पाहू. तोवर आपल्या फोनवर कोणते जुने साधन वाचताना ओळ हातची निसटते, ते ब्राउझरच्या नावासह खाली जरूर लिहा. मतभेद असल्यास तोही मांडावा. धागा त्यासाठीच आहे.